आधी विरजण शोध

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. सुरुवातीला बराच वेळ काही घडत नाही आणि मग एकाएकी सगळं उरकतं, म्हणून तू आलेखातले पहिले बिंदू काढून टाकलेस. ते आधी परत घाल. फॉर्मोज अभिक्रियेत, म्हणजे फॉर्माल्डिहाइडपासून साखरा बनण्यात, बघण्यासारखं जे काही आहे, त्यातलं बरंचसं त्या सपाट भागात आहे.

रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्हने १८६१ मध्ये फॉर्माल्डिहाइड आणि चुना यांच्यापासून गोडसर पाक मिळवला. (त्या काळी रसायनं चाखून बघायची पद्धत होती. तू जीभ आवर, आणि बाटली फ्यूम हूडबाहेर उघडू नकोस.) पण ती सुरुवातीची वाट बघणं कशामुळे, याचं पटेल असं उत्तर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ब्रेस्लोने दिलं ते १९५९ मध्ये.

फॉर्माल्डिहाइडमध्ये कार्बन एकच. शेजारी दुसरा कार्बन नाही, मग त्यावरचा हायड्रोजन काढून आल्डॉल जोडणी (दोन रेणू कार्बनाला कार्बन लावून जोडणं) करायची कुठून? त्यामुळे दोन रेणू एकमेकांना जवळजवळ जुळतच नाहीत. पण कुठून तरी दोन कार्बनांचा ग्लायकोलाल्डिहाइड आला की गाडी सुटते. त्याला एक फॉर्माल्डिहाइड जोडला की तीन कार्बन, आणखी एक जोडला की चार. हा चार कार्बनांचा रेणू मधोमध तुटला की हाती ग्लायकोलाल्डिहाइडचे दोन रेणू! एकाचे दोन, दोनाचे चार. दुधाला विरजण लावावं तसंच हे. रात्री बघितलं तर दूधच, सकाळी घट्ट दही. मधे काही घडलं नाही असं घरात कोणी म्हणत नाही.

आता गतिकीचा हिशेब बघ. वाढ स्वतःच्याच पटीत होते, म्हणून विरजण दहापट कमी केलं तर वाट दहापट लांबत नाही, ठरावीक मिनिटांनीच लांबते. आणखी दहापट कमी कर, पुन्हा तेवढीच मिनिटं. म्हणून ग्लायकोलाल्डिहाइडची मात्रा मोजून घाल, दर वेळी दहापट कमी करत जा आणि प्रेरणकाल (ती सुरुवातीची वाट बघण्याची वेळ) मात्रेच्या लॉगॅरिदमपुढे मांड. मात्रा कमी होत जाईल तशी रेघ सरळ चढत जाईल आणि एका जागी आडवी होईल. तिथे तू घातलेल्यापेक्षा आधीपासून असलेलं विरजण जास्त आहे. ते बाटलीतून आलं, की नीट न धुतलेल्या भांड्यातून, हे मग शोधता येईल.

मी स्वतः इथेच आपटलो होतो. तीन वेळा केलेल्या प्रयोगात तीन वेगळे प्रेरणकाल आले आणि मी सरळ सरासरी काढली. तो सरासरी वक्र तिन्हींपैकी एकाशीही जुळेना! चढ निम्म्याने मंद दिसत होता, आणि त्या चढावरून काढलेला वेगस्थिरांक (अभिक्रियेचा वेग सांगणारा आकडा) मी दोन महिने खरा मानून चाललो. फरक होता फक्त भांड्याचा: एक नवं, दोन आदल्या दिवशीची.

कॅनिझारो अभिक्रियाही विसरू नकोस. ती फॉर्माल्डिहाइडचं मेथॅनॉल आणि फॉर्मेट करते आणि त्यात अल्कली (इथे चुना) खर्च होते, म्हणून पीएच एकदाच मोजून भागणार नाही.

थांबायचं कधी, हा तुझा दुसरा प्रश्न. पिवळेपणा दिसला की फॉर्माल्डिहाइड संपत आलं असं समज. त्यानंतर साखरा आपसातच भिडतात, रंग तपकिरी होतो आणि शेवटी डांबर उरतं. गुळव्या काहिली उतरवायला चुकला तर काय होतं ते तू गुऱ्हाळात पाहिलं असशील. नमुना काढलास की लगेच आम्ल घालून बर्फात ठेव. तुला हवा असलेला रायबोज (आरएनएमधली पाच कार्बनांची साखर) तर फारच नाजूक: १०० अंश सेल्सिअसला, पीएच ७ असतानाही, त्याचं अर्धायुष्य ७३ मिनिटं. त्यात तो शेकडा एक भागही बनत नाही. बोरेट (बोरॉनचा क्षार) घातलं तर पाच कार्बनांच्या साखरा टिकतात, हे २००४ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बेनरच्या गटाने दाखवलं. पण ते आत्ता नको. आधी साध्या चुन्यावरचा वक्र दोनदा सारखा येऊ दे.

तुझा,
सर

ता. क. फॉर्मॅलिनमध्ये (फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणात) टिकाऊपणासाठी मेथॅनॉल घातलेलं असतं. तुझ्या बाटलीत किती आहे आणि ती कधी उघडली, ते लेबलवर बघून कळव.