समुद्र शिकायचाय, पण नेमकं काय?

मागच्या अंकात करिअरवर लिहिताना समुद्रविज्ञान आणि किनारा व्यवस्थापनाच्या मास्टर्सचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचंच नाव छापलेलं नाही.

मॅडम, मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मास्टर्स समुद्राशी संबंधितच करायचंय हे पक्कं आहे, पण मरीन बायॉलॉजी, ओशनोग्राफी, फिशरीज, मरीन सायन्स, कोस्टल रिसोर्स मॅनेजमेंट अशी नावं वाचून डोकं गरगरतंय. कोणता कोर्स घेऊ?

अगं, नावावरून कोर्स ठरवूच नकोस, कारण एकाच नावाखाली दोन ठिकाणी अगदी वेगळं शिकवतात. ढोबळ सांगायचं तर ओशनोग्राफी म्हणजे पाण्याचा अभ्यास, प्रवाह, तापमान, क्षारता, पाण्यात विरघळलेला कार्बन, आणि त्यात गणित भरपूर. मरीन बायॉलॉजी म्हणजे त्या पाण्यातले जीव. फिशरीजमध्ये मासे किती आहेत आणि किती काढले तर पुढच्या वर्षीही उरतील हा हिशोब. आणि कोस्टल रिसोर्स मॅनेजमेंट म्हणजे मच्छीमार, बंदर, हॉटेलं, वाळू काढणारे, खारफुटी, कासवं या सगळ्यांना तोच एक किनारा हवा असतो तेव्हा वाटणी कशी करायची, कोणत्या कायद्याने आणि कुणाला विचारून.

पण या विषयांमधल्या भिंती कागदावरच्या आहेत. मी प्रत्येक विद्यार्थ्याला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या कॉड माशाची गोष्ट सांगते, तुलाही सांगते. १९६८ साली तिथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड जवळपास ८ लाख टनांवर गेली होती, त्यात परदेशी ट्रॉलर खूप. मग १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी स्वतःच्या ताब्यात घेतलं, सगळ्यांना वाटलं आता सुटलो, आणि कॅनडाचेच ट्रॉलर वाढले. शास्त्रज्ञ साठा मोजताना एक आकडा वापरत होते तो म्हणजे ट्रॉलरला तासाला किती मासे मिळतात. आता बघ काय झालं, साठा घटत गेला तसे उरलेले मासे थोड्या जागांमध्ये दाटीने गोळा होत गेले, ट्रॉलरवाल्यांकडे सोनार म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यातले मासे शोधणारं यंत्र, ते बरोबर त्याच जागी जाणार, त्यामुळे तासाची पकड चांगलीच दिसत राहिली आणि कागदावर साठा ठणठणीत. तिकडे किनाऱ्याजवळ छोट्या होड्या घेऊन जाणारे मच्छीमार ऐंशीच्या दशकात ओरडून सांगत होते की मासा कमी झालाय, लहान झालाय. त्यांचं म्हणणं हिशोबात धरलंच गेलं नाही. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३० हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर केली होती, ती उठली २०२४ मध्ये.

आता सांग, ही चूक कोणत्या विषयाची? गणिताची, माशाच्या वागण्याची, की मच्छीमारांचं न ऐकण्याची? मला तरी वाटतं तिन्हींची, आणि म्हणून ज्या कोर्समध्ये आकडेवारीचा एक कडक पेपर आहे आणि माणसांसोबत बसून काम करायचाही एक पेपर आहे तो घे, नाव काहीही असो. अ‍ॅडमिशनआधी सिलॅबस मागव आणि फिल्डवर्कचे दिवस मोज, अक्षरशः मोज. पूर्ण दोन वर्षांत फिल्डवर चारच दिवस असतील तर ते सहल म्हणून ठीक. मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांना गाठून विचार की डेझर्टेशनसाठी डेटा स्वतः गोळा केला की कुणाचा तरी तयार मिळाला.

आणि एक काम लगेच करता येईल. समुद्र जवळ असेल किंवा कधी जाणं होणार असेल तर ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट घेऊन जा, पाइपची, काठ्यांची, कसलीही चालेल. ती खडकावर ठेव आणि आत जे जे दिसतं ते मोज, शिंपले, बार्नॅकल (खडकाला घट्ट चिकटलेले छोटे कवचवाले जीव), शेवाळाने किती भाग झाकलाय. मग चार पावलं पाण्याकडे सरकून परत मोज. दहा चौकटी झाल्यावर पाठ दुखेल, गुडघे सोलवटतील, आणि वर कोरड्यात राहणारे जीव वेगळे, खाली ओल्यात राहणारे वेगळे हे पुस्तक न उघडता समजेल. तेव्हा अकरावी चौकट टाकावीशी वाटली तर हे क्षेत्र तुझं आहे. फक्त भरतीची वेळ आधी बघून जा, भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि उधाणाच्या दिवसांत पाणी भराभर चढतं, मोजण्याच्या नादात परतीची वाट बंद व्हायला नको.

माझ्या मुलीला समुद्रावर संशोधन करायचंय. तिला पोहता येत नाही, बसमध्येसुद्धा उलटी होते. जहाजावर महिनोन्‌महिने राहावं लागतं का? आणि शिकून नोकरी मिळते का? आईचा जीव आहे म्हणून विचारते.

ताई, तुमची काळजी मला पूर्ण समजते, माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. बहुतेक मुलं मास्टर्सच्या काळात मोठ्या जहाजावर एकतर जातच नाहीत किंवा काही दिवसांसाठी जातात. खरं काम होतं ते चिखलात, प्रयोगशाळेत आणि कॉम्प्युटरसमोर. पोहायला मात्र शिकवा, तो हट्ट माझाही आहे, होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट आणि पोहणं दोन्ही हवं. डायव्हिंग सगळ्यांना करावं लागत नाही. मळमळीचं म्हणाल तर चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागत होती, तरी काम झालंच ना त्याचं.

नोकरीचं खरं तेच सांगते. पक्की, कायमची नोकरी लगेच मिळते असं नाही, सुरुवातीला दोन-तीन वर्षांचे प्रोजेक्ट असतात, एक संपला की दुसरा शोधायचा, आणि याची घरच्यांनी तयारी ठेवली तर मुलीला खूप बळ मिळतं. कामं असतात ती मत्स्यविभागात, बंदरांच्या पर्यावरण विभागात, प्रकल्पांच्या परिणामांचा अहवाल करणाऱ्या कंपन्यांत, समुद्रतळाच्या सर्व्हेत, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पांत, संवर्धन संस्थांमध्ये. ज्यांना नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर आणि आकडेवारी नीट येते त्यांना काम लवकर मिळतं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. किनारा व्यवस्थापनात मास्टर्स केलं तर माझ्या शिक्षणाचा उपयोग होईल का? की बायॉलॉजीवालेच घेतात?

होईल, उलट तुमची गरज जास्त आहे. किनाऱ्यावर बांधलेल्या भिंतींनी आणि बांधांनी किती नुकसान केलंय हे इंजिनियरनेच समजून घ्यायला हवं. लाटा तिरक्या येतात तेव्हा वाळू किनाऱ्याला समांतर सरकत असते, मध्ये आडवा बांध घातला की एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहतो, खचतो, मग तिथले लोक म्हणतात आम्हालाही बांध द्या, आणि ही साखळी लांबतच जाते.

तयारी म्हणून एक साधी पद्धत शिका, सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी ती १९६१ मध्ये मांडली. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा, मध्ये ठरावीक लांबीची दोरी. एक जण पाण्याच्या बाजूला काठी धरतो, दुसरा मागे. मागच्याने पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं आणि ती रेष आपल्या काठीला वरून किती खाली छेदते ते वाचायचं, तेवढा उतार. असं करत पाण्यापर्यंत जायचं. हेच दर महिन्याला त्याच जागी, तशाच ओहोटीला केलं की वर्षभरात किनारा कुठे गेला, कुठे आला हे तुमच्या वहीत दिसेल.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. डेझर्टेशनसाठी मच्छीमारांचा सर्व्हे करतोय, ६० प्रश्नांचा फॉर्म आहे, गाइड म्हणतात १०० फॉर्म हवेत. पण लोक बोलतच नाहीत, टाळतात किंवा हो हो म्हणून सोडतात. काय चुकतंय?

तुझं पत्र वाचून मला माझाच पहिला सर्व्हे आठवला. मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन भल्या पहाटे बंदरावर गेले होते, लिलाव चालू असताना, आणि माणसं बर्फ उचलत असताना त्यांना विचारत होते की वर्षाचं उत्पन्न किती. एका काकांनी शांतपणे माझा फॉर्म घेतला, बघितला आणि परत दिला, म्हणाले मागच्या वर्षी पण एक जण हेच घेऊन आली होती, तिने काय केलं पुढे? मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न आजही मनात आहे.

त्यानंतर मी फॉर्म बॅगेतच ठेवला. दुपारी जिथे जाळी सांधायला बसतात तिथे जाऊन नुसती बसायला लागले, चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, धर म्हणाले. हात गुंतलेले असले की माणूस मोकळा बोलतो. मग मी एकच प्रश्न विचारायचे, तुम्ही पहिल्यांदा होडीवर गेलात तेव्हा कुठे जायचात आणि आता कुठे जाता? त्याच काकांनी काठीने वाळूवर खाडीचं तोंड काढलं, खडक काढले, आणि कोणत्या खडकापाशी कोणता मासा मिळायचा हे सांगत गेले, मी तो नकाशा वहीत उतरवून घेतला. ६० प्रश्नांतून जे आलं नसतं ते त्या एका नकाशात होतं.

वय विचारायला विसरू नकोस. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये हे नेमकं मांडलं की प्रत्येक पिढी स्वतःच्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळचा समुद्र धरते, त्यामुळे हळूहळू झालेली घट कुणालाच घट वाटत नाही. विशीतला म्हणेल मासा ठीक आहे, सत्तरीतले म्हणतील काहीच उरलं नाही, दोघंही खरं बोलत असतात. दोघांची उत्तरं एकत्र करून सरासरी काढलीस तर सगळा अर्थच निघून जाईल.

गाइडशी बोल, १०० वरवरच्या फॉर्मऐवजी १५ प्रश्नांचे ४० फॉर्म आणि १० लांब मुलाखती चालतील का विचार. अभ्यास कशासाठी आहे ते सांगून संमती घे, आणि नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे हेही सांग. आणि निष्कर्ष आधी त्यांना जाऊन सांग, मग छाप. फिलिपीन्समधल्या आपो बेटावर १९८२ मध्ये मच्छीमारांनीच प्रवाळाचा एक छोटा पट्टा मासेमारीसाठी बंद केला, त्याआधी सागरी जीवशास्त्रज्ञ आन्खेल अल्काला आणि सिलिमन विद्यापीठातले लोक त्यांच्याकडे जाऊन बोलत होते. राखण गावकऱ्यांनी केली, पुढच्या वर्षांत तिथे मासे वाढले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर, की सामायिक संसाधन माणसं स्वतः नियम करून सांभाळू शकतात. पण त्यांचे नियम काय आहेत हे कळायला आधी त्यांच्याजवळ बसावं लागतं.

वय ३४, डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी. समुद्रविज्ञानात यायला उशीर झालाय का?

नाही. समुद्रात साधारण ४ हजार आर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप मोजमाप करणारी तरंगती यंत्रं, आहेत, बहुतेक फ्लोट दर १० दिवसांनी २,००० मीटर खोल जाऊन वर येतात आणि तापमान, क्षारता उपग्रहाला पाठवतात, सगळा डेटा फुकट आहे. नोकरी न सोडता एका समुद्राचा दहा वर्षांचा डेटा उतरवून घ्या आणि त्यातून एक प्रश्न सोडवा. तो घेऊन प्राध्यापकांना मेल करा, नुसत्या बायोडेटापेक्षा त्याला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

मॅडम, मी माशांच्या ऑटोलिथवरून वय काढतेय. माझं आणि माझ्या लॅबमेटचं मोजणं जुळत नाही, २०० पैकी ६० माशांत फरक येतोय. सगळे म्हणतात आकडे जुळवून टाक. मला रात्री झोप लागत नाही.

जुळवू नकोस. तुला झोप लागत नाही हेच बरोबर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माशाच्या कानात चुन्याचा छोटासा खडा असतो, तोच ऑटोलिथ, झाडाच्या खोडासारखी त्यात वाढीची वलयं दिसतात, एक गडद आणि एक फिकं मिळून एक वर्ष. थंड पाण्यातल्या माशांत ती स्पष्ट असतात, उष्ण पाण्यात ऋतूंचा फरक कमी म्हणून पुसट, आणि मधेच खोटी वलयंही दिसतात. म्हणजे फरक येणं साहजिक आहे, आणि तो फरक हाच तुझ्या थिसिसचा एक निष्कर्ष आहे, किती टक्के जुळलं ते लिहायचंच असतं. मुळात वय चुकलं की वाढीचा वेग चुकतो, तो चुकला की किती मासे काढायचे तो आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर कुणाचं तरी घर चालत असतं.

आधी दोघी बसून १० खडे एकत्र बघा, कडेचं अर्धवट वलय धरायचं की नाही हे ठरवा, माझा अंदाज आहे बराचसा घोळ तिथेच निघेल. मग तू विचारलेल्या त्या ६० माशांसाठी तिसरी व्यक्ती घे, तरीही जमलं नाही तर ते मासे वगळ आणि किती वगळले ते स्पष्ट लिही. आणि एक गोष्ट तू पत्रात सांगितली नाहीस, मोजताना माशाची लांबी समोर असते का? असेल तर मोठा मासा दिसला की डोळा आपोआप एक वलय जास्त शोधतो. लांबीचा कागद दुसऱ्या कुणाकडे दे, स्लाइडवर फक्त नंबर ठेव, क्रम उलटसुलट कर, आणि पहिल्यापासून मोज.