केबिनचा एसी दुपारी गरम मारतोय? गॅस भरायच्या आधी हीटरचा कॉक बघा

सकाळी केबिन गारेगार, अकराच्या पुढं तोंडावर कोमट वारं, ब्लोअरचा जोर मात्र तसाच. दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा फरक चार दिवस टिकला. शिरोळकडच्या दादांची ही तक्रार वाचली आणि वाटलं, हे दुखणं आपल्या घरचंच आहे. ट्रॅक्टर ५५ एचपीचा, केबिन कंपनीनंच बसवलेली, मागं मल्चर लावून पाचट कुट्टीचं काम, वॉरंटी अजून शिल्लक, हेही तुम्ही सांगितलंय. आमचीही गोष्ट जवळपास हीच होती, म्हणून जरा लांबण लावतो.

बेल्ट सैल आहे का, फ्यूज गेलाय का, केबिनचा फिल्टर चोंदलाय का, हे तुम्ही बघितलं असणारच. हवेचा जोर टिकून आहे म्हणता, म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरण्याचा प्रकारही दिसत नाही. बर्फ धरला की वारं हळूहळू मरतं, एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येतं आणि खाली पाण्याची धार लागते.

माझा पहिला संशय हीटरवर. कोल्हापुरात हीटर कोण लावतो, असं म्हणाल. कोणीच लावत नाही, म्हणून तर तिकडं कोणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच केबिनमध्ये एकाच पेटीत आधी एसीची कॉइल असते आणि तिच्या पुढं हीटरची जाळी. इंजिनचं गरम पाणी दोन रबरी पायपांतून त्या जाळीत जातं आणि परत येतं, मध्ये एक वाल्व्ह असतो. बटण निळ्या बाजूला फिरवलं की तो मिटायला पाहिजे. केबल सरकली किंवा वाल्व्हमध्ये गाळ बसला की तो अर्धवट उघडा राहतो. मग कॉइलनं गार केलेली हवा पुढच्याच क्षणी ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्यानं तापलेल्या जाळीतून जाते. सकाळी इंजिनचं पाणी गार असतं तोवर काही कळत नाही. मल्चरचा लोड पडला, पाणी तापलं, की सुरू.

हे तपासायला पैसा लागत नाही. अर्धा तास लोडवर काम करा, एसी फुल आणि हीटरचं बटण पूर्ण बंद ठेवा. मग ट्रॅक्टर थांबवून इंजिन बंद करा आणि वाल्व्हच्या पुढचा, म्हणजे जाळीकडं जाणारा पाइप जपून चाचपा. तो चटका देत असेल तर वाल्व्ह गळतोय. बऱ्याच ट्रॅक्टरना हा पाइप इंजिनमधून निघतो तिथंच एक कॉक असतो, तो बंद करून परत शेतात जा. कॉक नसेल तर इंजिन थंड असताना गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पनं पाइप दाबून बघता येतो. गरम इंजिनवर कुठलाही पाइप सोडवायचा नाही, भाजून निघाल. काही मॉडेलमध्ये पाण्याची ती वाट अडवू नका असं सांगितलेलं असतं, तेव्हा आधी पुस्तक बघा. मी मिस्त्री नाही, ऊसवाला आहे, माझ्या शब्दावर तुमचं इंजिन तापवून घेऊ नका.

आता मला सगळ्यात महाग काय पडलं ते सांगतो. नाव घेत नाही, पण वर्कशॉप अधिकृत होतं, बाहेर मोठा बोर्ड, आत एसी लावलेलं ऑफिस (तिथला एसी मात्र झकास चालायचा). दरवेळी एकच प्रकार. ट्रॅक्टर शेडमध्ये घ्यायचा, इंजिन बंद असतानाच एका बाजूला गॅसचा दाब बघायचं गेज लावायचं, काटा शंभराच्या जरा आत दिसला की "गॅस कमी आहे, साहेब." बाटली उलटी धरायची, अंदाजानं गॅस सोडायचा. वजनकाटा कधी दिसला नाही, आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप कोपऱ्यात धूळ खात पडलेला. मग शेडच्या सावलीत इंजिन हलकं चालू ठेवून केबिनमधल्या वाऱ्याच्या जाळीपुढं हात धरायला सांगायचे. वारं गारच असायचं. असणारच, लोड नाही म्हटल्यावर इंजिनचं पाणी तापतंय कुठं! शेतात नेला की परत तेच.

हा शंभराचा आकडा नीट समजून घ्या. या ट्रॅक्टरमध्ये साधारण आर-१३४ए गॅस असतो. सिस्टिम बंद असते आणि आत थोडा जरी गॅस द्रवरूपात शिल्लक असतो, तेव्हा त्याचा दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशाला सुमारे ९७ पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप), ३५ ला ११४ च्या आसपास, ४० ला १३३. आत गॅस निम्मा असो की दुप्पट, बंद मशीनवर काटा तेच दाखवणार. घरातल्या सिलिंडरचंही तसंच आहे, शेगडीची ज्योत बघून किती गॅस उरलाय ते सांगता येत नाही, सिलिंडर उचलूनच बघावा लागतो. म्हणजे आमचा मिस्त्री गेजवर त्या दिवशीची हवा किती गरम आहे एवढंच मोजत होता आणि त्या आकड्यावर आम्हाला गॅस विकत होता.

दरवेळी जास्तीचा गॅस आत जात राहिला. त्यानं हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचा दाब चढतो, दाबाचा स्विच कॉम्प्रेसर तोडतो, दाब उतरला की परत जोडतो. कॉम्प्रेसरच्या क्लचची टकटक सुरू झाली. पुढं कॉम्प्रेसरच आवाज करायला लागला. शेवटी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या एसीचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीनं सगळा गॅस मशीननं काढून वजन केला. किती गॅस भरायचा ते कंपनी ट्रॅक्टरवरच्या पाटीवर लिहिते, त्या ग्रॅमच्या जवळजवळ दीडपट निघाला! हीटरचा पाइपही त्यानंच दाबून दाखवला. आधी गॅस काढ, मोज, मग बोल, एवढीच त्याची पद्धत.

कॉम्प्रेसर वॉरंटीत होता, म्हणून क्लेमसाठी गेलो. तिथलं उत्तर ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. "बाहेर कुणीतरी जास्त गॅस भरलाय, क्लेम बसत नाही." अहो, बाहेर कुठला, तुमच्याच शेडमध्ये भरलाय! तर म्हणे जॉबकार्ड, म्हणजे कामाची वर्कशॉपमधली लेखी नोंद, दाखवा. गॅसचं काम किरकोळ म्हणून जॉबकार्ड उघडलंच नव्हतं, पैसे रोख घेऊन साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिलेला. कॉम्प्युटरमध्ये आमचा ट्रॅक्टर त्या उन्हाळ्यात तिथं आलाच नव्हता. मग साहेब साइटवर आहेत, मेल टाका, मेल मिळाला नाही, परत टाका, फोटो पाठवा, फोटो नीट दिसत नाही. हंगामाची तयारी तोंडावर आलेली आणि मी मेल टाकतोय. कॉम्प्रेसरचे पैसे खिशातून गेले. गॅस चुकीचा भरणारा पोरगा तरी शिकला नसेल, त्याला कोणी शिकवलं नसेल. आपल्याच शेडमधलं काम नाकारणाऱ्या खुर्चीचा मला जास्त राग आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे, कोणाला पटो न पटो. जॉबकार्ड उघडल्याशिवाय बॉनेटला हात लावू देऊ नका. त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "लोडवर अर्ध्या तासानं गरम हवा" अशी. "एसी चेक करणे" असं मोघम लिहू देऊ नका. गॅस काढला किती ग्रॅम, भरला किती ग्रॅम, हे दोन आकडे आणि सही. काढलेला गॅस वजनाला पाटीवरच्या आकड्याएवढाच निघाला तर गॅस हे कारण नव्हतं, तिथं भरायचा विषय संपला. कमी निघाला तर तो गेला कुठं, हे शोधायला पाहिजे. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो गळतो. आधी नायट्रोजन भरून गळती बघायची, ओरिंग (जोडातली रबरी कडी) बदलायची, व्हॅक्यूम करायचा, मग गॅस. तुमचा गॅस दोनदा भरूनही चार दिवसांत हवा गरम होत असेल तर एक तर गळती मोठी आहे, नाहीतर गॅसचा संबंधच नाही. तिसरी शक्यता आमच्यासारखी, गॅस जास्त झाला असेल, तेही वजन केल्यावरच कळेल.

क्लेम अडला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. ट्रॅक्टर भाड्यानं चालवत असाल तर व्यापारी वापराचा मुद्दा समोरून निघू शकतो, वकिलाला विचारा, मी कायद्यातला माणूस नाही.

हीटर बंद करूनही फरक पडला नाही तर कंडेन्सरकडं, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या एसीच्या जाळीकडं वळा. पाचट कुट्टीत बारीक भुसा आणि धूळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मागून नमदा झालेला असतो. दुपारी हवा गरम झाली की कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारून बघा. दोन मिनिटांत केबिन गार व्हायला लागली तर चोर तिथंच आहे. साफ करताना दोन्ही जाळ्या शक्य तेवढ्या वेगळ्या करा, हवा इंजिनाच्या बाजूनं पुढं मारा. गाडी धुवायच्या प्रेशर पंपानं जवळून मारलं की पात्या आडव्या होतात आणि एसी कायमचा मंद होतो. डिझेलनं धुवायचा सल्ला देणारेही भेटतील. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा, डिझेलवर धूळ दुप्पट बसते.

जाता जाता दोन-चार गोष्टी. केबिनमधली आतली हवा जिथून ओढली जाते त्या जाळीवर ड्रायव्हरचा टॉवेल आणि जर्किन लटकत नाही ना ते बघा, आमच्याकडं कायम असायचं. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, मग पाणी थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर गळतं. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा असला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळतं. स्वस्तात मिळतो म्हणून कुठलाही गॅस भरू नका, काहींत स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा गॅस मिसळलेला असतो. आणि औषध फवारायला जाताना बंद केबिनच्या भरवशावर राहू नका. साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, औषधाची वाफ अडवत नाही. युरोपात याच कारणानं केबिनच्या ४ श्रेणी केल्यात आणि वाफेपासून बचाव फक्त चौथीत धरतात.

"ट्रॅक्टरला एसी कशाला पायजे, आमच्या बापानं उन्हात नांगर धरला" असं खाली कोणीतरी लिहिणारच. त्यांनी मे महिन्यात मल्चरवर एक दिवस बसून दाखवावं, मग बोलू.

दादा, उद्या काम करताना हीटरचा कॉक बंद करण्याआधी आणि नंतर वाऱ्याच्या जाळीपुढच्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरनं मोजा, केबिनमधलंही मोजा. माझा ठोकताळा असा की कॉक बंद असताना जाळीपुढची हवा केबिनपेक्षा १०-१२ अंशांनी तरी गार पाहिजे, तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो. ते आकडे, क्लच लोडवर टकटक करतो का, आणि गॅसच्या पाटीवर किती ग्रॅम लिहिलंय, एवढं कळवा. कॉक सापडला नाही तर इंजिनाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका, हा पाइप कुठून निघतो ते शोधून सांगतो.