अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सगळ्यात छोटं करिअर कोणत्या पिचरचं (म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं)? अशांना पेन्शन मिळते का?

लॅरी याउंट. एक मॅच, बॅटरला टाकलेले बॉल शून्य.

15 सप्टेंबर 1971, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, समोर अटलांटा ब्रेव्हज. पोरगा 21 वर्षांचा, आठवडाभर मिलिटरी रिझर्व्हच्या ड्यूटीवर जाऊन आलेला. नवव्या इनिंगला बोलावलं, कोपर बुलपेनमध्येच (पिचर तयारी करतात ती बाजूची जागा) दुखत होतं, माऊंडवर (जिथून बॉल टाकतात तो उंचवटा) वॉर्म-अपचे दोन-चार टाकून बघितले, नाही जमलं, परत आला. पण नाव अनाउन्स झालेलं, त्यामुळे नियमानं मॅच खात्यावर लागली. नंतर मेजर लीगमध्ये चान्सच नाही.

लोक हसतात यावर. मला नाही हसू येत, कारण सांगलीत अंडर-19 जिल्हा सिलेक्शनला मी हेच केलंय. आदल्या दिवशी आतेबहिणीच्या लग्नात पाण्याची पिंपं उचललेली, सकाळी रनअप मोजला, मार्क लावला, बाजूच्या पोराला दोन बॉल टाकले आणि खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यात पाणी. सरांना सांगितलं. "बस मग बाजूला." झालं, संपलं करिअर. आणि दादा आजही गणपतीला घर भरलं की चारचौघांत काढतोच, "दात खाऊन दोन ओव्हर टाकल्या असत्यास तर आज रणजी खेळला असतास." स्वतः जन्मात लेदर बॉल हातात धरला नाही.

त्याला लॅरीचं सांगितलं तर म्हणे, त्याचा धाकटा भाऊ बघ. खरंय, रॉबिन याउंट, 1974 ला 18 व्या वर्षी मिल्वॉकीकडून आला, 3142 हिट्स, 1999 ला हॉल ऑफ फेम. पण त्याचा एजंट कोण होता? लॅरीच! ॲरिझोनात जमिनींच्या धंद्यात पण बक्कळ कमावलं त्यानं. आणि कोपराचं ते टॉमी जॉन ऑपरेशन (फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरं बसवतात ते) पहिल्यांदा झालं 1974 ला, म्हणजे 71 मध्ये लिगामेंट गेलं की गडी संपला. दुखत असेल तर सरळ हात वर करायचा, घरचे काय बोंबलायचे ते बोंबलू देत.

हां, एक कबूल करतो, लॅरीचं कोपर काही फार बिघडलेलं नव्हतं, पुढं काही वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, टाकत होता, वर नंबर लागला नाही एवढंच. माझाही खांदा पंधरा दिवसात बरा झाला. हे दादाला सांगू नका.

पेन्शनचं राहिलंच. 1980 पासून मेजर लीग टीमच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) 43 दिवस भरले की हक्क लागतो, मॅच किती खेळला ते बघत नाहीत. लॅरीच्या वेळी चार वर्षं लागायची.