भटकंतीचे प्रश्न: ऑगस्टात दूधसागर होईल का हो ताई?

प्रश्न (पर्वरीहून एक वाचक): माझी नणंद, भाओजी, त्यांची दोन मुलं (११ आणि ७ वर्षं) आणि सासूबाई पुण्याहून गोव्याला येतायत, ऑगस्टात, चवथीच्या (गणपतीच्या) आधी तीन दिवस. बीच बघून झालेत, आता म्हणे डोंगर दाखवा, जंगल दाखवा, आणि मुलांना दूधसागर धबधबा हवाच आहे. सासूबाईंचं वय ६८, गुडघे दुखतात. एका दिवसात दूधसागर, तांबडी सुर्ला आणि चोर्ला घाट होईल का? श्रावण असल्यामुळे सासूबाईंना बाहेरचं जेवण चालत नाही.

उत्तर: नाही होणार वहिनी, आणि झालं तरी तुम्हाला फक्त गाडीच्या काचा आठवतील. आधी दूधसागरचं सांगते कारण मुलं तेच मागणार. धबधब्याकडे कुळे गावाहून जी जीप जाते ती पावसाळ्यात बंद असते, वाटेत नदी ओलांडावी लागते ना, आणि ऑगस्टात त्या नदीला पाणी केवढं असतं ते एकदा कुळ्याच्या पुलावरनं बघा म्हणजे कळेल. पाऊस ओसरल्यावर साधारण ऑक्टोबरात जीप सुरू होतात. तेव्हासुद्धा जीपमधून उतरून दगडांवरून थोडं चालावं लागतंच, म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांना ते तसंही जमलं नसतं. मुलांना सांगा दिवाळीत या.

मग जायचं कुठे, तर तांबडी सुर्लाच्या जुन्या देवळात. दिवसभर फक्त तेवढंच ठेवा. पणजीहून फोंडा, धारबांदोडा करत मोलेपर्यंत ५५-६० किलोमीटर होतात आणि मोल्याहून आत वळलं की गर्द जंगल सुरू होतं, दोन्ही बाजूला झाडं इतकी की दुपारी दोनला हेडलाईट लावावा वाटतो. हे भगवान महावीर अभयारण्य, मोले नॅशनल पार्क धरून जवळजवळ २४० चौरस किलोमीटर. पेट्रोल फोंड्यालाच भरून घ्या, आणि पुढे नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

देवळापर्यंत पार्किंगहून सपाट वाट आहे, हळूहळू चालल्या तर सासूबाई आरामात पोचतील. कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ. बाकीची जुनी देवळं पाडली गेली, हे एक इतक्या आडरानात होतं म्हणून वाचलं असं म्हणतात. दगड बेसॉल्टचा, आपल्याकडचा तांबडा जांभा नव्हे, पावसात भिजला की काळाकुळकुळीत दिसतो. मंडपात मधोमध नंदी आहे, त्याला डोकं नाही. मुलांना एक काम द्या, खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय ते कोरीवकाम शोधायला सांगा, माझ्या भाच्याला ते सापडायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ आम्ही मोठे शांत बसलो. छताचं कमळही बघा. मागे पायऱ्या उतरून नदी आहे, ऑगस्टात पायऱ्यांवर थांबून बघायची, पाण्यात पाय घालायचा नाही, शेवाळ असतं आणि वरच्या अंगाला पाऊस पडला की पाणी कधी वाढतं कळत नाही. अंधाराच्या आत मोल्याला परत या.

जळवांचं विचारलं नाहीत पण विचारणारच होतात. असतात. फुल पँट, मोजे पँटवर ओढून घ्यायचे, मिठाची पुडी खिशात. चिकटली तर ओढू नका, नखाने बाजूने सरकवा. नंतर रक्त थोडा वेळ वाहतं, जळवेच्या लाळेने गोठत नाही म्हणून, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सात वर्षांचा मुलगा तर ही गोष्ट शाळेत महिनाभर सांगेल.

जेवण घरून न्या, पोळ्या आणि कोरडी भाजी. श्रावण संपला असेल तर येताना रस्त्याकडेला बायका पानात बांधलेली अळमी (रानातली अळंबी, मशरूम) विकत असतात ती बघा. भाव ऐकून पुणेकर भाओजी दचकतील पण वारुळावरची अळमी काय शेतात लावत नाहीत. आणि स्वतः जंगलात शिरून काही तोडू नका, अभयारण्य आहे.

चोर्ला दुसऱ्या दिवशी, तोही सकाळी आणि पाऊस कमी असेल तरच. साखळी, केरी करत वर चढायचं, घाटमाथा सुमारे ८०० मीटरवर. धुकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. आमच्या भाड्याच्या गाडीचे वायपर नेमके तिथेच बंद पडले होते, नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता, मी मागे रामरक्षा म्हणत होते. वळणावर फोटोला गाडी थांबवू नका एवढंच.

प्रश्न (वास्कोहून एक कॉलेजवाला): आम्ही मित्र कुळ्यापर्यंत ट्रेनने जाऊन रुळांवरून चालत दूधसागर करणार आहोत. सगळे करतात. काय तयारी करू?

उत्तर: बाबा, ती तयारी करूच नकोस. रुळांवरून चालणं रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये असेच गेलेले लोक पकडून रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. शिवाय तिथे बोगदे आहेत, बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा किती मिळणार? तिकीट काढून ट्रेनमध्ये बसा, गाडी धबधब्यासमोरून जाते, पावसात काचेवर तुषार येतात. आणि हो, त्याच जंगलातून दुसरा रूळ टाकायची मंजुरी सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये रद्द केली, ते वाच जरा, ट्रेनमध्ये वेळ असेलच.

प्रश्न (डिचोलीहून): फेब्रुवारीत सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत मुक्काम करणार आहोत. माकडतापाची भीती खरी आहे का?

उत्तर: खरी आहे. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली होती. तो जंगलातला विषाणूचा ताप, गोचीडीतून पसरतो आणि साधारण डिसेंबर ते मे हाच त्याचा मोसम, म्हणजे नेमका काजूचा. अंग झाकणारे कपडे घाला, पाचोळ्यावर नुसतं बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्रात कळवा. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरना बागेत राहून आलो हे आधी सांगा, नाहीतर ते डेंगीच धरून बसतात.