अँजिओग्राफीची धास्ती आणि शर्टाचा खिसा

“हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलं की अँजिओग्राफीच सांगतील.” हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून करायच्या या तपासणीची धास्ती घेऊन दर महिन्याला माझ्याकडे समुपदेशनाला कोणी ना कोणी येतं. त्यातलेच हे काका, वय ५४, एसटीत कंडक्टर. जिना चढताना छाती दाटायची, थांबलं की दोन मिनिटांत मोकळी व्हायची. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायची फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी मात्र तीन आठवडे पाकिटातच. मी आधी समोरच फोन करायला लावला. नंबर आठ दिवसांनंतरचा मिळाला. बसल्या जागी दुखलं, घाम सुटला, तर तेवढंही थांबायचं नाही, सरळ १०८ लावायचा, हे काका-काकू दोघांनाही बजावलं.

मग तयारी. काकूंना म्हटलं, गोळ्यांची नावं पाठ करू नका, पट्ट्याच पिशवीत घाला, आयुर्वेदिकसुद्धा. जुने ईसीजी तारखेप्रमाणे लावा. नव्यात काय बदललंय ते त्यांच्याशी ताडूनच कळतं. चालू गोळी मनाने बंद करायची नाही. बीपी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा: पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीवर, मिनिटभराने पुन्हा एकदा. बोलत मोजलं तर आकडा वाढतो. “आणि अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही.”

काकांचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

पुढच्या भेटीला त्यांना एकट्यालाच बोलावलं.

“काका, डॉक्टरांनी कुठला प्रश्न विचारू नये असं वाटतं?”

बराच वेळ ते जमिनीकडे बघत राहिले. “तंबाखूचा, मॅडम. हिला सांगितलंय, तीन वर्षांपूर्वी सुटली.”

अँजिओग्राफी हे नुसतं निमित्त होतं. ‘खोटं उघडं पडलं तर घरात माझी किंमत राहणार नाही’ हा त्यांनी मनाशी लावलेला अर्थ त्यांना दवाखान्याच्या पायरीवर अडवत होता. भीतीच्या मुळाशी असा अर्थच असतो, असं मी मानते. तो हात नजरेतून सुटला नाही, याचं मला समाधान आहे.

पहिल्या भेटीत बहुधा विचारपूस, ईसीजी, गरज वाटली तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होते. अँजिओग्राफी सगळ्यांनाच लागत नाही. पण विचारपुशीत खोटं सांगितलं तर पुढचा सगळा अंदाज चुकतो. काकांनी माझ्यासमोर कागदावर लिहिलं: किती पायऱ्यांनंतर दाटतं, किती वेळ, जबड्यात किंवा हातात कळ जाते का, वडिलांना झटका वयाच्या ५० व्या वर्षी. शेवटची ओळ, ‘तंबाखू, रोज दोन पुड्या, २५ वर्षं’, लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्या दिवशी काकू बाहेर बाकावर थांबल्या. दहा मिनिटांनी काकांनीच दार उघडून त्यांना आत बोलावलं.