आठ महिने हातात आहेत, काका

कळमेश्वर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते स्वतः एसटीत चालक होते. मुलगा सैन्याच्या तोफखान्यात हवालदार, वय 43, नोकरीची 24 वर्षं पूर्ण होत आली. तोफांच्या आवाजानं त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागलं, म्हणून गेली चार वर्षं लो मेडिकल कॅटेगरीत (सैन्याची खालची वैद्यकीय श्रेणी), युनिटच्या स्टोअरवर. वाढीव दोन वर्षं त्यामुळेच मिळाली नाहीत. आठ महिन्यांनी तो घरी येतोय. शिक्षण बारावी. ओळखीच्या एकानं नागपुरातल्या एका मॉलमध्ये गार्डची जागा सांगून ठेवली आहे आणि मुलगा "तेच करतो" म्हणतो. वडिलांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "सरकारी हापिसात फोन वाजते, सायेब आवाज देते. पोराले ऐकूच येत नाही त कोन ठेवन त्याले? अन् ठेवलंच त कीव करूनच ना?"

काका, नमस्कार.

गार्डच्या कामाला मी कमी लेखत नाही. त्यावर कितीतरी घरं चालतात. पण तुमच्या मुलानं ते निवडलेलं नाही, घाबरून धरलेलं आहे, असं पत्र वाचताना वाटलं. 24 वर्षांच्या नोकरीनंतर त्याला पेन्शन मिळणार आहे. म्हणजे घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठंतरी उभं राहायलाच हवं, अशी वेळ तुमच्यावर नाही. आणि सरकारी नोकरीत 60 पर्यंत धरलं तर त्याच्याकडे अजून सोळा-सतरा वर्षं आहेत.

वयाची भीती आधी काढून टाकू. माजी सैनिकाचं वय मोजताना खऱ्या वयातून सैन्यातली सेवा वजा होते आणि वर आणखी 3 वर्षं वजा होतात. 43 मधून 24 गेले, 3 गेले, उरले 16. ज्या पदाला 27 ची अट आहे तिथंही तो बसतो. केंद्र सरकारच्या गट क मध्ये माजी सैनिकांना 10 टक्के जागा आहेत, सार्वजनिक उपक्रमांत आणि सरकारी बँकांत 14.5 टक्के, आणि महाराष्ट्र शासनाच्या गट क व ड मध्ये 15 टक्के समांतर आरक्षण. समांतर म्हणजे ज्याच्या-त्याच्या सामाजिक प्रवर्गाच्या आत. म्हणून जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर, आत्ताच काढून ठेवा. हे कागद ऐनवेळी तहसीलमध्ये अडकतात आणि जागा हातची जाते, हे मी दर भरतीला बघतो.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावी कमी नाही. दहावी झालेला किंवा सैन्याचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असलेला, आणि किमान 15 वर्षं सेवा केलेला माजी सैनिक केंद्राच्या गट क मधल्या पदवीच्या पदांनाही पात्र धरला जातो, फक्त त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव आवश्यक नसावा. त्याची बारावी झाली आहे, म्हणून त्या सर्टिफिकेटवाचून अडणार नाही; पण ते त्याच्याकडे आहे का, हे युनिटमध्ये असतानाच पाहायला सांगा. घरी आल्यावर त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसणं फार त्रासाचं. तरीही त्यानं मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालावं, असं माझं मत आहे. पुढच्या बढतीला खरी पदवीच उपयोगी पडते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लांबवतोय ती. केंद्राच्या नोकरीत माजी सैनिकाच्या आरक्षणाचा लाभ एकदाच वापरता येतो. तो घेऊन नियमित सरकारी पदावर रुजू झालात की पुढच्या भरतीत आरक्षणापुरते तुम्ही 'माजी सैनिक' राहत नाही. माझ्याकडे एक सुभेदार आले होते. घाईघाईत मिळेल त्या शिपाईपदावर रुजू झाले, आधी अर्ज केलेल्या क्लार्कच्या पदाचा निकाल दोन महिन्यांनी आला, आणि दार बंद. त्यांना वाचवणारी एक तरतूद 2014 पासून आहे, पण ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. रुजू होण्याआधी ज्या-ज्या पदांसाठी अर्ज केले आहेत, त्यांची तारखांसह यादी रुजू होतानाच नव्या कार्यालयाला स्वघोषणापत्रात लिहून दिली, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. खासगी किंवा कंत्राटी कामानं मात्र लाभ जात नाही. म्हणून मॉलची नोकरी त्यानं सहा महिने केली तरी काही बिघडत नाही; पहिलीच नियमित सरकारी ऑर्डर मात्र विचार करून घ्यावी. अर्जही आत्तापासून करता येतात, कारण सेवा संपायला एक वर्ष उरलं की जवान नागरी पदांसाठी अर्ज करू शकतो. कमांडिंग ऑफिसरकडून सेवा कधी संपते याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आठ महिने हातात आहेत म्हणालो ते यामुळे.

कानाबद्दल लोकांचा हमखास गोंधळ होतो. सुटताना रिलीज मेडिकल बोर्ड जो टक्का लिहील, तो पेन्शनच्या हिशोबासाठी. दिव्यांगांच्या 4 टक्के आरक्षणासाठी सरकारी रुग्णालयाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं, आणि त्यात किमान 40 टक्के भरावे लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांनी 60 ते 70 डेसिबलची घट म्हणजे श्रवणदोष, 70 च्या वर कर्णबधिर. तेव्हा तो पुढच्या सुट्टीत आला की नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या आणि आकडा बघा. 40 टक्के भरले तर अर्जात माजी सैनिक आणि दिव्यांग, दोन्ही रकाने भरायचे. नाही भरले तर वाईट वाटून घेऊ नका, माजी सैनिकाची वाट उघडीच आहे. शिवाय आवश्यक ती सोय मागण्याचा हक्क 40 टक्क्यांवर अवलंबून नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

आणि कीव? काका, हा शब्द मला फार लागला. पोरानं कान देशाच्या तोफांजवळ घालवलेत. कायद्याच्या कलम 20 प्रमाणे कोणतंही सरकारी कार्यालय दिव्यांगत्वावरून नोकरीत भेदभाव करू शकत नाही आणि वाजवी सोय करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. सोय म्हणजे फार काही नसतं हो. टेबल दाराकडे पाठ करून नव्हे तर तोंड करून लावायचं. साहेबांचा निरोप चिठ्ठीवर किंवा ई-मेलवर. फोनचं काम शेजारच्या सहकाऱ्याकडे आणि त्याचं टायपिंग याच्याकडे. बैठकीत एकानं बोलून झाल्यावर दुसऱ्यानं बोलायचं, जे खरं तर सगळ्यांच्याच फायद्याचं आहे. त्यानं रुजू होतानाच हे एका साध्या अर्जात लिहून द्यावं, तोंडी सांगू नये. प्रत्येक सरकारी कार्यालयाला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. अर्जाला उत्तर आलं नाही तर त्या अधिकाऱ्याकडे जायचं. श्रवणयंत्र ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मिळतं. ते लावायला लाजतो का, हे मात्र तुम्हीच विचारा. बरेच जवान लाजतात.

एक मोठी सोय तर न मागता झालेली आहे. 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या गट क च्या भरतीत मुलाखतच नाही. चार माणसं टेबलापलीकडून भराभर प्रश्न विचारतायत आणि याला अर्धेच ऐकू येतायत, हा प्रसंगच येणार नाही. लेखी परीक्षा, संगणक किंवा टायपिंगची चाचणी, कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी. बस.

पद निवडताना जाहिरातीचा तक्ता नीट वाचायला हवा. कोणत्या पदाला कोणतं दिव्यांगत्व चालतं आणि कामाला बसणं, उभं राहणं, ऐकणं यातलं काय लागतं, ते तिथं दिलेलं असतं. रेल्वेत गाडी चालवण्याशी थेट संबंधित पदांकडे त्यानं वळू नये, तिथली वैद्यकीय तपासणी कडक असते. पण रेल्वेचीच कारकुनी पदं वेगळी. तुम्ही लिहिता, चार वर्षं स्टोअरची लेजर त्याच्या हातात होती. ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, मी तीनदा वाचली. स्टॉक मोजणं, व्हाउचर जुळवणं, ऑडिटला उत्तर देणं, ज्या मालावर सही केली त्याची जबाबदारी घेणं: भांडारपाल, लेखा लिपिक, कर सहायक यांना दुसरं काय येत असतं? आणि नागपूर या बाबतीत श्रीमंत शहर आहे. महालेखाकार, आयकर, रेल्वेच्या दोन-दोन विभागांची कार्यालयं, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, वेकोलि आणि मॉइल या खाणींच्या सरकारी कंपन्या, शिवाय राज्याची सगळी विभागीय कार्यालयं. सुरुवात लिपिक-टंकलेखक आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांपासून करावी. मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांचं सरकारी टायपिंग प्रमाणपत्र ही पहिली कमाई. बोटांना सवय लागायला वेळ लागतो, तेव्हा युनिटच्या कॉम्प्युटरवर आजपासून रोज अर्धा तास.

डिस्चार्ज बुक हातात आलं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र, यात उशीर नको.

काका, पुढचं पत्र मुलानं स्वतः लिहावं, अशी माझी विनंती आहे. फोनची गरज नाही, लिहूनच बोलू. सुट्टीत आला की त्याला घेऊन या, सोबत ऑडिओमेट्रीचा कागद आणि असेल तर स्पेशल सर्टिफिकेटची झेरॉक्स आणा. मी त्याच्या समोर बसून, सावकाश बोलेन. फक्त उत्तरं त्याला देऊ द्या.