बॅकयार्डातली शेकोटी : बंदी कुणाची, कुठे आणि कधी?

सिॲटलच्या पूर्वेकडच्या गावांतून फायर पिटबद्दल (शेकोटीच्या कुंडाबद्दल) आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक.

आम्ही बोथेलला राहतो. परवा रेडमंडच्या मित्राकडे शेकोटी पेटली होती, आम्हाला मात्र शेजारी म्हणाले, "बर्न बॅन आहे." गावागणिक नियम वेगळे कसे?

बंदी एक नसून दोन आहेत, सगळा घोळ तिथेच आहे.

उन्हाळ्यातली बंदी वाळलेल्या गवतामुळे येते आणि ती फायर मार्शल, म्हणजे अग्निसुरक्षा अधिकारी, जाहीर करतात. किंग काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) फायर मार्शलचा आदेश कुठल्याही शहराच्या हद्दीत न येणाऱ्या भागापुरता असतो; रेडमंड, बेलव्ह्यू, कर्कलंड आपापलं ठरवतात. त्यात तुमचं बोथेल काही किंग काउंटीत, काही स्नोहोमिशमध्ये! तेव्हा काउंटीच्या बातमीवर न जाता थेट आपल्या गावाच्या फायर डिपार्टमेंटला विचारा. समॅमिश, इसाक्वावाल्यांनी ईस्टसाइड फायर अँड रेस्क्यूला.

हिवाळ्यातली बंदी धुराची. कडाक्याच्या थंडीत वारा पडला की गार हवा जमिनीलगत अडकते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धुराड्यांचा धूर गल्लीतच घुटमळतो. ही बंदी प्युजेट साउंड क्लीन एअर एजन्सी काढते. किंग, स्नोहोमिश, पिअर्स आणि किटसॅप या चार काउंट्या तिच्याकडे आहेत. ती काउंटीवार लागते, तिथे गावाची वेस मोजत नाहीत.

आणखी एक मेख आहे. किंग काउंटीच्या उन्हाळी बंदीत 'स्टेज 1' असेल तर घरच्या फायर पिटमधली छोटी शेकोटी चालते. धुराच्या बंदीत मात्र 'स्टेज 1' लागताच उघड्यावरची लाकडाची शेकोटी बंद. आकडा तोच, अर्थ उलटा. त्यामुळे "अहो, स्टेज 1 तर आहे" असं म्हणण्याआधी बंदी कुणी काढली ते बघा.

आम्ही पाच-सहा कुटुंबं मिळून घरामागे होळी पेटवणार आहोत. परवानगी लागेल का? (समॅमिश)

वॉशिंग्टन राज्याच्या नियमांत करमणुकीच्या शेकोटीच्या व्याख्येतच स्वयंपाक, मौज आणि धार्मिक विधी येतात. म्हणजे होळीला अडसर नाही, आकाराला आहे: व्यास 3 फूट, उंची 2 फूट. एरंडाची फांदी मधोमध रोवून पुरुषभर रचलेली होळी यात बसत नाही. इंधन म्हणून सुकं सरपण किंवा लाकडी कोळसाच हवा. गोवऱ्या यादीत नाहीत. बागेतला पालापाचोळा, खोकी, रंगवलेल्या फळ्या तर अजिबात नकोत; कचरा जाळायला पेटवलेली आग कायद्याने शेकोटी ठरतच नाही. 'जुनं ते जाळा' म्हणत कुणी मोडकी खुर्ची घेऊन आलं, तर तिला गॅरेजमध्येच बसवा.

फाल्गुनी पौर्णिमेला उन्हाळी बंदी बहुधा नसते, धुराची असू शकते; त्या दिवशी दुपारी एजन्सीचं संकेतस्थळ बघून घ्या. आणि धुराचा त्रास होतोय असं शेजाऱ्याने सांगितलं, तर बंदी नसली तरी आग लगेच विझवावी लागते. म्हणून आदल्या दिवशी त्यांच्याकडे पुरणपोळी पोचवा. हा नियम नाही, माझा सल्ला आहे.

'स्मोकलेस' स्टीलचा फायर पिट घेतला तर बंदीतून सुटका होते का?

नाही. त्याचा धूर कमी असतो, पण जळतं लाकूडच. धुराच्या बंदीत प्रोपेन किंवा नैसर्गिक वायूचा पिट चालतो.

आमचं टाउनहाऊस आहे. मागे जेमतेम 20 फूट जागा, मग लाकडी कुंपण. फायर पिट कुठे ठेवू?

लाकडाचा असेल तर बहुधा कुठेच नाही. इंटरनॅशनल फायर कोडप्रमाणे शेकोटी इमारतीपासून आणि जळू शकणाऱ्या वस्तूंपासून 25 फुटांवर हवी. लाकडी कुंपण, डेक, वाळकी झुडपं, सगळं त्यात आलं. विकतच्या सुट्या फायर पिटला हेच अंतर 15 फूट आहे. तुमच्या 20 फुटांत मधोमध ठेवला तरी दोन्हीकडे 10-10 फूटच उरतात. शहरं या संहितेत फेरफार करतात आणि एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संस्था) त्याहून कडक असू शकते, तेव्हा खरेदीआधी दोन्हीकडे विचारा.

गॅसचा घेतलात तरी छपराखाली नको. लाकडाची शेकोटी मित्राकडे पेटवाल तेव्हा पाण्याचा पाइप आधीच जोडून ठेवा आणि कुणीतरी शेवटपर्यंत तिथेच थांबा. विझवताना पाणी ओता, काठीने राख उकरा, पुन्हा ओता. तळहात जवळ नेऊन ऊब लागली तर आत निखारे आहेत. ती राख कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात भरू नका. झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून, डबा घरापासून लांब, काँक्रीटवर ठेवा.